बेचाळिसावं पान

अमरावतीत अंबागेटच्या आत एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. रागिणी काळमेघ तिथली ग्रंथपाल. गेली दोन वर्षं तिचं निम्मं काम एकच होतं: कोण कधी वारलं, ते शोधून काढायचं.

त्याचं असं झालं. एका देणगीदाराने वाचनालयाला स्कॅनर दिला. बाजारात कुठेच मिळत नाहीत अशी पुस्तकं तिथल्या कपाटांत पुष्कळ होती. ती स्कॅन करून वेबसाइटवर टाकावी, म्हणजे कोणालाही घरबसल्या वाचता येतील, असं कार्यकारिणीत ठरलं. पण सचिव गजेंद्र वानखडे हे निवृत्त मुख्याध्यापक आणि नियमाचे पक्के. वाचनालयापुरती संगणकात प्रत ठेवायला कायद्याची हरकत नाही, ते म्हणाले, पण सगळ्या जगाला खुली करायची तर लेखक जाऊन साठ वर्षं झालेली पाहिजेत. गेला ते वर्ष सोडायचं आणि पुढच्या जानेवारीपासून साठ मोजायची. तारखेचा कागद आणा, मग खुशाल टाका.

तेव्हापासून रागिणी लेखकांच्या घरी फोन करू लागली. कुठे हार घातलेल्या फोटोखाली तारीख सापडे, कुठे तेरवीची पत्रिका जपून ठेवलेली असे, कोणी पेन्शनची कागदपत्रं शोधून देई. समोरच्याला न दुखवता हा प्रश्न कसा विचारायचा, ते तिला आता चांगलं साधलं होतं.

या यादीत 'बारमाही मळा' हे पुस्तक तिने सगळ्यात वर घेतलं, ते ललिताबाई नाथेंसाठी. ललिताबाई पन्नाशीच्या, अंजनगाव सुर्जीच्या बाजूला त्यांचा भाजीचा मळा. भाज्यांचं जुनं गावरान बियाणं सांभाळणाऱ्या बायकांचा त्यांनी एक गट केला होता. सासूच्या तोंडून या पुस्तकाचं नाव ऐकून त्या शोधत शोधत वाचनालयात आल्या. पुस्तक एकोणीसशे बासष्टचं, वामनराव मेहरे नावाच्या माणसाने स्वखर्चाने छापलेलं. कोणत्या मातीत कोणतं वांगं चांगलं येतं, दोडक्याचं बी राखेत कसं ठेवायचं, बियाण्याची काकडी वेलावर किती दिवस राहू द्यायची, सगळं त्यात होतं आणि तेही वऱ्हाडातल्या नावांनी. छापखाना कधीच बंद पडला होता. दुसरी प्रत कुठे असल्याचं ऐकिवात नव्हतं. ही एकुलती एक प्रत वाचनालयाबाहेर देता येत नव्हती, म्हणून ललिताबाई दर पंधरा दिवसांनी मंगळवारी बसने येत, खिडकीशी बसत आणि दोनशेपानी वहीत पुस्तक उतरवून घेत. मोबाइलवर फोटो काढून घ्या, असं रागिणी एकदा म्हणाली. तर लिहिलं की ध्यानात राहते, असं म्हणून त्या लिहीतच राहिल्या. पण त्यांच्या गटातल्या बाकीच्या बायका चार गावांत विखुरलेल्या. त्या सगळ्या काही अमरावतीला येऊन बसणार नव्हत्या.

वामनराव मेहरे कधी वारले, ते रागिणीला राजकमल चौकाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात कळलं. दुकानदार चंद्रभानकाका ऐंशीच्या पुढचे. 'बारमाही मळा' त्यांच्या वडिलांच्या दुकानात विकायला होतं. काका जराही न अडखळता म्हणाले की तो लेखक चौसष्टातच गेला. पुस्तक मागायला लोक येत तेव्हा माझे वडील हेच सांगत, मी स्वतः ऐकलेलं आहे.

रागिणीने बोटांवर मोजलं. चौसष्टात गेले, म्हणजे चोवीस साल संपताना साठ वर्षं पुरी झाली. आणि नुकताच पंचविसाचा जानेवारी लागला होता. पुस्तक पंधरा दिवसांपूर्वीच मोकळं झालं होतं. गजेंद्र सरांनी मात्र कागद मागितलाच. पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली अकोल्याच्या डाबकी रोडचा पत्ता होता. घरच्यांना दाखवायला पुस्तक बरोबर नेऊ का, असं तिने विचारलं. सरांनी नोंदवहीत तिची सही घेऊन ते दिलं.

संक्रांत होऊन गेली, त्या आठवड्यात ती बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेली. डाबकी रोडवर दोन ठिकाणी विचारल्यावर मेहऱ्यांचं घर सापडलं. दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या एका बाईंनी. त्या वामनरावांच्या सूनबाई, आरती मेहरे. रागिणीने नेहमीच्या पद्धतीने आधी वाचनालयाची ओळख सांगितली, पुस्तकाची थोरवी सांगितली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, की वामनरावांच्या मृत्यूचा दाखला घरात असेल तर एक प्रत हवी होती.

आरतीकाकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ओठांवर पदर धरून त्या मागे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, तुमी कधी वारले ते इचारून राहिल्या ह्या बाई."

मागच्या अंगणात उन्हाला खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी हात थांबवला. "कोनी सांगतलं तुमाले?" त्यांनी विचारलं.

रागिणीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. एवढ्या दिवसांत तिच्यावर अशी पाळी आली नव्हती. तिने चंद्रभानकाकांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं. चौसष्ट साल सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. त्यांना राग आला नव्हता की नवलही वाटलं नव्हतं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "मीच सांगाले लावलं होतं."

आरतीकाकूंनी चहा आणला. वामनरावांना नव्वदावं लागलेलं होतं. ऐकू थोडं कमी येत असलं तरी डोळे चांगले होते. एवढ्या वर्षांनी कोणी पुस्तकाच्या मागावर घरी आलं याचं आरतीकाकूंना अप्रूप वाटत होतं, कारण सासऱ्यांनी पुस्तक लिहिलं आहे हे त्यांनाही आजच कळत होतं. रागिणीला वाटलं, काम उलट सोपं झालं. दाखला नको, वारस नको. लेखकच समोर बसले आहेत, त्यांनी एका कागदावर सही केली की झालं. तिने पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं.

वामनरावांनी ते हातात घेतलं, पण उघडलं नाही. वाचनालयाचा शिक्का पाहिला, पाठीवरची बांधणी चाचपली. मग आणखी किती प्रती आहेत ते विचारलं. ही एकच, ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले की हे पुस्तक माझ्याजवळ राहू दे.

ते शक्य नाही, रागिणीने सांगितलं. नोंदवहीत माझी सही आहे, आजच परत न्यायचं आहे. पण बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आहे, आणि ते आठवण म्हणून मागत नाहीत. तेव्हा पहिल्यांदा तिला भीती वाटली की आपण ही प्रत इथे आणायला नको होती.

वामनरावांना ते कळलं असावं. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं, अनुक्रमणिका न पाहता बेचाळिसावं पान काढलं आणि तिच्याकडे फिरवलं. तिथे काकडीच्या वेलावरच्या लाल भुंगेऱ्यांविषयी लिहिलेलं होतं. त्यावर एन्ड्रिन फवारावं, असा सल्ला होता. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य असं होतं: 'फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी तोडा करण्यास हरकत नाही.'

एन्ड्रिन म्हणजे काय ते वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. त्या विषावर बंदी येऊन पस्तीस वर्षं झाली, तरी त्याचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणतात.

मग वामनरावांनी सगळं सांगितलं, थांबून थांबून. शेतकी खात्यात नोकरीला लागलेला सत्तावीस वर्षांचा माळ्याचा पोरगा. बापाकडून आणि आजोबाकडून जे मळ्यात शिकला ते त्याने लिहून काढलं. त्यातलं एवढंच एक पान त्याच्या स्वतःच्या माहितीतलं नव्हतं. औषधाच्या कंपनीचा एक माणूस पत्रक देऊन गेला होता. पुस्तक जुनाट वाटू नये म्हणून त्याने त्या पत्रकातला मजकूर जसाच्या तसा घातला. पुढच्या वर्षी अंजनगावजवळच्या एका गावात गोवर्धन नावाच्या माळ्याने पुस्तक वाचून काकडीवर फवारा मारला. तिसऱ्या दिवशी त्याच्या चार वर्षांच्या मुलीने वेलावरची काकडी तोडून खाल्ली. तिला झटके येऊ लागले. अमरावतीला नेताना ती वाटेतच गेली.

"तो दहाव्यानंतर आला मायाकडे," वामनराव म्हणाले. "वरडला नाई, रडला नाई. पुस्तक उघडून समोर ठेवलं. म्हने, साहेब, तिसऱ्या दिवशीच लिवलं हाय ना? का मी चुकलो वाचाले?"

"मग तुम्ही काय सांगितलं?" रागिणीने विचारलं.

"मी म्हनलं, पाहून सांगतो. आन् त्याच्या हातातलं पुस्तक ठेवून घेतलं."

ते त्याला सांगायला कधीच गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी रजा काढली आणि अमरावती, परतवाडा, अंजनगाव, अकोट जिथे जिथे पुस्तक गेलं होतं तिथे तिथे जाऊन एकेक प्रत परत आणली. शाळांतून, दुकानांतून, वाचनालयांतूनही. सगळ्या प्रती मळ्यातल्या खतखड्ड्यात पुरून वर शेण टाकलं. अंबागेटच्या वाचनालयात ते गेले तेव्हा तिथली प्रत बांधणीला गेलेली होती, म्हणून तेवढी राहून गेली. पुन्हा कोणी छापायला मागू नये म्हणून पुस्तकवाल्याला सांगून ठेवलं की कोणी विचारलं तर म्हणा, लेखक मेला. आणि बदली मागून घेतली.

आरतीकाकू सोललेल्या दाण्यांचं ताट मांडीवर घेऊन बसून राहिल्या होत्या. नंतर वामनरावांनी रागिणीला विचारलं की कायद्याने हे पुस्तक आज कोणाचं आहे.

"तुमचंच आहे, बाबा. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं."

"म्हंजे मायी नात खुशी म्हातारी होईन तोपर्यंत." ते म्हणाले. "मंग नाई टाकायचं. राहू द्या तिथंच."

त्यांनी पुस्तक मिटून तिला परत दिलं. तिने त्यांच्या पायाला हात लावला आणि निघाली.

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर तुरीची शेतं सोंगून मोकळी झालेली होती. मूर्तिजापूर गेलं आणि तिच्या मनात आलं की हा माणूस खरोखर चौसष्टात गेला असता तर किती सोपं झालं असतं. तो विचार मनात आल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. ज्यांच्या घरचा चहा पिऊन दोन तासही झाले नव्हते त्या माणसाविषयी आपण असं मनात आणू शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

वाचनालयात पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते हे की एका चिठ्ठीवर 'हे औषध अतिविषारी आहे व त्यावर बंदी आहे, हा सल्ला पाळू नये' असं लिहून ती बेचाळिसाव्या पानावर चिकटवली. गजेंद्र सरांनी सगळं ऐकून घेतलं. लेखकाची इच्छा नाही, विषय संपला, असं ते म्हणाले. मात्र जाताना ते पुस्तक एकदा हातात घेऊन बेचाळिसावं पान त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं.

पुढच्या मंगळवारी ललिताबाई आल्या. त्यांचं लिहिणं चाळिसाव्या पानावर आलं होतं. रागिणीने खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसत सगळं सांगितलं. पुस्तक आता वेबसाइटवर येणार नाही हे सांगितलं, आणि का येणार नाही तेही. ललिताबाई ऐकत होत्या. मुलीच्या बापाचं नाव रागिणीने घेतलं तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"गोवर्धन म्हंजे सूर्यभानभाऊचा बाप," त्या म्हणाल्या. "आमच्या शेजारच्या गावचा. ताई, तिकडं अजून म्हनतात का त्याले धड वाचता येत नव्हतं, तेरा दिवसाचं तीन वाचलं आन् पोरीले मारलं. मी नवी नवरी होऊन आली तवापासून आयकून राहिली हे. औषधाच्या डब्यावरचं नीट वाचत जा, नाई तं गोवर्धनासारखं होईन, असं लेकरायले सांगतात."

रागिणीच्या टेबलावर ते पुस्तक होतं, आणि गोवर्धनने बरोबर वाचलं होतं याचा जगातला एवढाच पुरावा उरला होता.

फोनवर ही गोष्ट सांगायची नाही, असं दोघींनी ठरवलं. आठ दिवसांनी त्या अकोल्याला गेल्या. ललिताबाईंनी येताना मळ्यातली काटेरी हिरवी वांगी आणली होती, पण ती पिशवी त्यांनी आल्याआल्या आरतीकाकूंच्या हाती दिली आणि वांग्यांविषयी काही बोलल्या नाहीत. त्यांनी जे रागिणीला सांगितलं होतं तेच वामनरावांना सांगितलं. काही वाढवलं नाही आणि काही गाळलंही नाही. ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे ते शब्द जास्तच कठीण वाटत होते.

वामनराव पुढे वाकून ऐकत होते. बोलणं संपल्यावरही ते तसेच वाकलेले राहिले. सुनेने पाणी पुढे केलं ते त्यांनी घेतलं नाही.

"मले वाटलं, पुस्तक गेलं का पाप गेलं," शेवटी ते म्हणाले. "त्याच्या डोक्शावर बसवून आलो मी ते."

मग त्यांनी विचारलं की सूर्यभान हयात आहे का, आणि त्याच्या गावी गाडी जाते का.

नव्वदीच्या माणसाने अकोल्याहून अकोटमार्गे तिकडे जायचं म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. आरतीकाकूंनी थोडा विरोध केला, नवऱ्याला फोन लावला, शेवटी स्वतःच बरोबर निघाल्या. फेब्रुवारीतल्या एका सकाळी भाड्याची गाडी करून, रागिणीला घेऊन ते गेले; ललिताबाई परस्पर तिथे आल्या. रागिणीने वाचनालयातून पुस्तक आणलं होतं. या वेळी नोंदवहीत तिच्या सहीखाली गजेंद्र सरांनी आपलीही सही केली होती.

सूर्यभान अडुसष्ट वर्षांचे. बहीण गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. ललिताबाईंनी आधी सांगून ठेवल्यामुळे कोण येणार ते त्यांना माहीत होतं. त्यांनी अंगणात खाट टाकली, पाणी दिलं आणि समोर उकिडवे बसले. वामनरावांनी मोठं बोलण्याची तयारी करून आणली असावी, पण त्यातलं काहीच त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी रागिणीकडे हात केला, तिने पुस्तक दिलं, आणि ते त्यांनी बेचाळिसाव्या पानावर उघडून सूर्यभानपुढे धरलं. चिकटवलेली चिठ्ठी वर उचलून त्या वाक्यावर बोट ठेवलं.

सूर्यभानने खिशातून चष्मा काढला. शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत त्यांनी ते वाक्य वाचलं. मग परत वाचलं.

"तुया बापानं बराबर वाचलं होतं," वामनराव म्हणाले. "चूक मायी होती. मले तवाच सांगाले यायला पायजे होतं. मी भेलो."

सूर्यभानने चष्मा काढून हातात धरला. घरातून त्यांची बायको दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"बाप चांगला सातवी शिकेल होता," ते म्हणाले. "पहिले आमच्या घरी पेपर येये. गावाले वाचून दाखवे तो. ते झाल्यावर त्यानं कागदाले हात लावला नाई. सातबाराही दुसऱ्याकडून वाचून घे. म्हने, माया वाचन्यावर भरवसा नाई. असाच गेला, शहाऐंशीत."

वामनरावांनी हात जोडले. सूर्यभानने ते हात धरले नाहीत, आणि काही लागट शब्दही काढला नाही. उठून ते आत गेले, बाहेर आले आणि चहा ठेवायला सांगितलं आहे असं म्हणाले. चहा होईपर्यंत ललिताबाई आणि ते यंदाच्या कांद्याविषयी बोलले. वामनराव तेवढा वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते.

चहा झाल्यावर त्यांनी आपल्या मनातलं सांगितलं. पुस्तक आता उघडं करायचं. ते पान काढायचं नाही. त्याच्यासमोर दुसरं एक पान लावायचं आणि त्यावर काय झालं ते सगळं लिहायचं. कोणी चुकलं, कोण बरोबर होतं, ते नावानिशी. त्यासाठी त्यांना सूर्यभानची परवानगी हवी होती.

"बापाचं नाव लिवा," सूर्यभान म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिवा. पन तिचं नाव नका लिवू. तिचं नाव आमच्या घरात राहू द्या."

वामनरावांनी मान हलवली. तिचं नाव त्यांना माहीत होतं की नाही, ते रागिणीने कधी विचारलं नाही.

ते पान लिहायला त्यांना तीन आठवडे लागले. एका कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या, अक्षर थरथरतं पण सगळं वाचता येत होतं. गजेंद्र सर स्वतः रागिणीबरोबर अकोल्याला आले. सरांनी वामनरावांना समजावून सांगितलं की दोन रस्ते आहेत. जाहीर सूचना देऊन हक्क सोडून दिला तर पुस्तक आजच सगळ्यांचं होईल. पण मग कोणी त्यातलं नवं पान काढून जुनंच तेवढं छापलं, तर तुम्हाला अडवता येणार नाही. दुसरा रस्ता हक्क आपल्याकडे ठेवायचा आणि सगळ्यांना फुकट परवानगी द्यायची: वाचा, छापा, वाटा, पण ते पान काढायचं नाही.

रागिणीने दोन वर्षं हक्काकडे अडसर म्हणूनच पाहिलं होतं. साठ वर्षं कधी पुरी होतात याची ती प्रत्येक पुस्तकामागे वाट पाहत आलेली. म्हातारा काय म्हणतो याकडे तिचं लक्ष लागलं.

वामनरावांना विचार करायला वेळ लागला नाही. "हक्क सोडत नाई मी," ते म्हणाले. "त्या पानासाठी ठेवतो. मायामागं साठ वर्सं पुरतीन. तोपर्यंत एन्ड्रिन काय होतं ते कोनाच्या ध्यानातही नाई राहनार."

सरांनी मसुदा केला, वामनरावांनी सही केली. साक्षीदार म्हणून आरतीकाकूंनी आणि कॉलेजातून नुकत्याच आलेल्या खुशीने सह्या केल्या. पुढे हे तुलाच पाहावं लागेल, असं आजोबांनी तिला सांगितलं. तिने सही करण्याआधी तो कागद पूर्ण वाचून काढला.

एप्रिलमध्ये 'बारमाही मळा' वाचनालयाच्या वेबसाइटवर आलं. ललिताबाईंच्या गटातल्या बायकांनी ते आपापल्या मोबाइलवर घेतलं, आणि त्यांच्याकडून ते दर्यापूरकडे, चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या गावांकडे गेलं. मधूनमधून वामनरावांचा फोन येई. अमुक पानावर भेंडीच्या बियाण्याचं माप चुकलं आहे, तमुक ठिकाणी छापखान्याने कोहळ्याचा भोपळा केला आहे, अशा दुरुस्त्या ते सांगत. रागिणी त्या लिहून घेऊन एका वेगळ्या यादीत घाली. लोक काय म्हणून राहिले, असं त्यांनी एकदाच विचारलं. तिने आलेली सात-आठ पत्रं मोठ्याने वाचून दाखवली. एकाने लिहिलं होतं की ज्या माणसाने हे पान लिहिलं त्याच्या बाकीच्या पानांवरही माझा विश्वास बसतो. ते पत्र त्यांनी तिला परत वाचायला लावलं.

जूनच्या सुरुवातीला सूर्यभान डोळे तपासून घ्यायला अमरावतीला आले आणि दुपारी पत्ता विचारत वाचनालयात पोचले. रागिणीने त्यांना बसवलं, चहा मागवला. ते इकडेतिकडे कपाटांकडे पाहत होते. आमच्या घरी नेट नाही, ते म्हणाले, ते पान कागदावर मिळेल का.

मिळेल की, ती म्हणाली, आणि बेचाळिसावं पान व त्याच्यासमोरचं वामनरावांच्या हातचं पान छापायला लावलं.

"दोन जोड द्या," सूर्यभान म्हणाले. "एक मले. एक मायाच काकाच्या पोराले दाखवायची हाय. त्यानं लय बोल लावले बापाले."

छापलेले कागद हातात आल्यावर त्यांनी चष्मा लावून आधी बापाचं नाव कुठे आहे ते पाहिलं. सांगितलं होतं त्याप्रमाणे ते मोठ्या अक्षरात होतं. मग त्यांनी कागदांची घडी न करता ते एका जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळले, चहा संपवला आणि परतवाड्याची बस किती वाजता आहे ते विचारलं.